कंपवात, संशोधनाचा पैसा आणि आपण

(अंबरनाथ येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीच्या पत्रकावर ‘पार्किन्सनवरील संशोधन आणि त्यासाठीचा निधी’ असा विषय वाचून तुमच्यापैकी दोघींनी मला फोन केला. एकीने विचारलं, छापताना काही चूक झाली का? दुसरी जरा रागातच होती. म्हणाली, नळाला पाणी नाही, रेशनवर धान्य वेळेवर नाही, पोलीस तक्रार लिहून घेत नाहीत, आणि तू आम्हाला प्रयोगशाळेत कुठे घेऊन निघालीस? तिचा राग मला मान्य आहे. पण आपल्या वस्तीत पाणी किती वाजता सोडायचं हे जसं आपल्याला न विचारता ठरतं, तसंच कोणत्या आजारावर, कोणत्या प्रश्नावर, कुणाच्या शरीरावर संशोधन करायचं हेही आपल्याला न विचारताच ठरतं. आणि त्याचे परिणाम आपल्याच घरात येऊन बसतात.

एम.एस.डब्ल्यू. करून मी या पट्ट्यात कामाला लागले. उल्हासनगरचे पाच कॅम्प, अंबरनाथच्या स्टेशनच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्या, बदलापुरात नव्या टोलेजंग इमारतींच्या मागे दडलेल्या चाळी. आपण एखाद्या घरात जातो ते मारहाणीच्या तक्रारीसाठी किंवा बचत गटाच्या हप्त्यासाठी. आतल्या खोलीत कुणीतरी भिंतीकडे तोंड करून बसलेलं असतं. त्यांना काय झालंय, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं – ‘वय झालं.’ काही घरांत ते वय पन्नाशीचंसुद्धा नसतं.

पार्किन्सन म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो तो आजार. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने त्याचं नीट वर्णन लिहिलं, म्हणून त्याचं नाव. मेंदूच्या एका लहानशा भागात डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. त्यामुळे हालचाल मंदावते, अंग ताठरतं, पुष्कळांचा हात थरथरतो, तोल जातो. सगळ्यांचाच हात थरथरतो असं मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता. पुरुषांना तो बाईपेक्षा जास्त होतो, साधारण दीडपट. आता या ‘पुरुषांना जास्त’चा बाईला कसा फटका बसतो ते सांगते.

आजार ओळखायची मुख्य पद्धत अजूनही एकच आहे. डॉक्टर समोर बसवतात, बोटं उघडझाप करायला लावतात, चालायला सांगतात आणि नजरेने ठरवतात. साखरेसारखी किंवा थायरॉईडसारखी रक्त काढून निकाल देणारी सर्रास तपासणी नाही. नजरेने ठरवायचं म्हणजे ती नजर काय पाहायला शिकलीय याला महत्त्व आलं. पुस्तकात लिहिलेलं असतं की रुग्णाचं अक्षर बारीक होत जातं. आमच्या वस्तीतल्या साठीच्या बाईने आयुष्यात अंगठाच उठवलाय. तिचं अक्षर बारीक कसं होणार? तिच्या बाबतीत काय होतं ते तिच्या सुनेला विचारा. ब्लाउजचे हूक लागेनासे होतात. कणीक मळायला दुप्पट वेळ लागतो, एका हाताने मळते आणि दुसरा परातीच्या कडेवर नुसता ठेवलेला असतो. रांगोळीचे ठिपके आधी सारखे यायचे, आता ओळीच्या शेवटाला जवळजवळ येतात. पापड लाटणाऱ्या बाईचे पापड लहान होत जातात आणि व्यापारी वजनात पैसे कापतो. खांदा धरतो, तो पुष्कळदा आजाराच्या सुरुवातीला धरतो, आणि त्यावर वर्ष-वर्ष शेक आणि मलम चालतं. भाजी करपलेली कळत नाही, कारण वास येईनासा झालेला असतो. बद्धकोष्ठ असतं, झोपेत हातपाय झाडले जातात. ही दोन्ही लक्षणं थरथर सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधी दिसू शकतात. पण बाईने पोट साफ होत नाही म्हणून डॉक्टरकडे जायचं, हे आपल्याकडे कुठे बसतंय?

एक उदाहरण देते. नाव-गाव सांगत नाही. उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्यात घरी बसून सुटे धागे कापायचं काम करणाऱ्या या मावशी. नगावर पैसे. पूर्वी दिवसाला जेवढे नग व्हायचे त्याच्या निम्मे होईनात. माल आणून देणारा म्हणाला, मावशी, आता आराम करा. घरच्यांना वाटलं, कामाचा कंटाळा आलाय. चक्कर येते म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात गेल्या, तिथे चक्करेची गोळी मिळाली. ती गोळी स्वस्त, चिठ्ठी दाखवली की पुन्हा मिळते, म्हणून त्या दीड वर्ष घेत राहिल्या. मग हात थरथरायला लागला.

पुढे मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात त्यांना नेलं. चौथ्या खेपेला मेंदूविकाराचे डॉक्टर भेटले. त्यांनी पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या आणि चक्करेची गोळी बाजूला काढली. सिनारिझिन, फ्लुनारिझिन ही चक्करेची औषधं, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारावरची काही औषधं फार काळ घेतली तर कंपवातासारखीच लक्षणं निर्माण करतात. त्याचा धोका उतारवयातल्या बायकांना अधिक. गोळी बंद केल्यावर काही महिन्यांत मावशी बऱ्याच सुधारल्या. पण उजवा हात मंदच राहिला. तेव्हा प्रश्न आला – हा गोळीचा परिणाम उरलाय, की खरा आजार आत होताच आणि गोळीने तो वर आणला? याचा उलगडा करायला मेंदूचं एक विशेष स्कॅन असतं. त्याचा खर्च त्यांच्या काही महिन्यांच्या मजुरीएवढा. त्यांनी ते केलं नाही. (ऐकून कुणी घरी जाऊन आपल्या सासूबाईंची औषधं एकदम बंद करू नका. गोळ्यांची पिशवी उचला आणि डॉक्टरांसमोर ओता.)

शास्त्रज्ञ ज्याला बायोमार्कर म्हणतात, म्हणजे आजाराची शरीरातली मोजता येणारी खूण, तिची गरज कुणाला आहे हे मला या मावशींमुळे समजलं. न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेला ती हवीच आहे. पण ज्या बाईला मेंदूविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचायला बदलापूर लोकलने दादर, तिथून परळ, केसपेपरची रांग आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी एवढं मोजावं लागतं, तिला ती जास्त हवी आहे. आणि ती स्वस्त हवी, अंबरनाथ-उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात होणारी हवी.

आता एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला आवडेल. स्कॉटलंडमधल्या पर्थ गावी जॉय मिल्न नावाची निवृत्त परिचारिका राहते. तिच्या नवऱ्याला पार्किन्सन झाला. पण निदानाच्या बारा-एक वर्षं आधीपासून तिला त्याच्या अंगाचा वास बदललेला जाणवत होता. ती त्याला नीट अंघोळ कर म्हणून मागे लागायची आणि तो चिडायचा. पुढे रुग्णांच्या एका बैठकीत तोच वास तिला इतरांच्या अंगालाही आला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हा नवऱ्याचा वास नाही, आजाराचा आहे. २०१२ मध्ये तिने एडिंबरा विद्यापीठाच्या टिलो कुनाथ या शास्त्रज्ञाला भर व्याख्यानात हे विचारलं. त्यांनी तेव्हा ते फारसं मनावर घेतलं नाही. नंतर मात्र परीक्षा झाली. सहा रुग्णांचे आणि सहा निरोगी माणसांचे अंगात घातलेले टी-शर्ट तिला हुंगायला दिले. तिने बारापैकी अकरा बरोबर सांगितले. एका निरोगी माणसाला ती रुग्ण म्हणाली, तेवढी चूक. आठ महिन्यांनी त्या माणसालाच पार्किन्सनचं निदान झालं.

मँचेस्टर विद्यापीठाच्या पर्डिटा बॅरन यांनी मग त्या वासामागची रसायनं शोधली. त्वचेवर जे तेलकट द्रव्य असतं त्यात ती सापडली, आणि २०१९ मध्ये शोधनिबंध आला. आता पाठीवर कापसाचा बोळा फिरवून तपासणी करता येईल का, यावर काम चाललंय. सुई नाही, स्कॅन नाही. एका बायकोच्या नाकाने हा रस्ता दाखवला. आपल्याकडे अशी किती नाकं, किती डोळे असतील? नवऱ्याचा सदरा धुणारी, सासूला अंघोळ घालणारी, रात्री उठून कूस बदलून देणारी बाई शास्त्रज्ञाच्या आधी बघत असते. पण तिला कुणी विचारत नाही, आणि ती सांगायला गेली तर ‘तुम्ही बाहेर थांबा’ असं ऐकते.

दुसरी मोठी बातमी २०२३ ची. या आजारात अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन चुकीच्या घड्या घालून साचत जातं. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून त्यातलं हे बिघडलेलं प्रथिन पकडणाऱ्या तपासणीचा निकाल ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आला. १,१२३ जणांवर ती केली होती. पार्किन्सनच्या रुग्णांपैकी ८७.७ टक्क्यांत ती लागू पडली. हे काम ज्या पाहणीतून झालं ती २०१० मध्ये सुरू झाली आणि तिच्यामागे पैसा होता मायकेल जे. फॉक्स फाउंडेशनचा. फॉक्स हे सिनेमातले नट. त्यांना स्वतःला तिशीच्या आत हा आजार झाला आणि २००० साली त्यांनी ही संस्था काढली. आजवर तिने संशोधनाला दोन अब्ज डॉलरहून अधिक पैसा दिलाय. गुगलच्या संस्थापकांपैकी सर्गेई ब्रिन यांनीही फार मोठी रक्कम घातली आहे, कारण त्यांच्या आईला हा आजार झाला होता आणि त्यांच्यात त्याचा जनुकीय बदल आहे.

मी हे नाक मुरडून सांगत नाही. आजारी माणसाने, आजारी आईच्या मुलाने पैसा उभा केला, चांगलंच झालं. पण पैसा जिथून येतो तिथल्याच माणसांची रक्तं, तिथलीच जनुकं आधी तपासली जातात. त्या ८७.७ टक्क्यांच्या आत जा. एलआरआरके-२ नावाच्या जनुकात बदल असलेल्या आणि वास शाबूत असलेल्या रुग्णांत ती तपासणी फक्त ३४.७ टक्क्यांना लागू पडली. म्हणजे एकच नाव असलेला हा आजार आतून वेगवेगळा आहे. या जनुकातला जो बदल उत्तर आफ्रिकी आणि ज्यू रुग्णांत पुष्कळ दिसतो, तो भारतीय रुग्णांत फार क्वचित आढळतो. त्यावर बेतलेली औषधं उद्या आली तर आपल्या वाट्याला काय? २०२३ मध्येच नायजेरियातल्या आणि आफ्रिकी वंशाच्या इतर लोकांचा अभ्यास केला तेव्हा जीबीए-१ जनुकातला असा एक बदल सापडला, जो युरोपीय लोकांत जवळपास नाहीच. इतकी वर्षं कुणी तिकडे पाहिलं नव्हतं, म्हणून सापडला नव्हता.

आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नाही. मुंबईच्या पारशी वसाहतींत ऐंशीच्या दशकात घरोघर जाऊन डॉ. भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली. १४,०१० माणसं तपासली, ४६ रुग्ण सापडले. लाखामागे ३२८ हे प्रमाण तेव्हा जगातल्या सर्वांत जास्त आकड्यांत मोजलं गेलं. तो निबंध १९८८ मध्ये छापून आला. त्या पाहणीला अवाढव्य यंत्रं लागली नव्हती. दार ठोठावणारी माणसं लागली. दार ठोठावण्यात आपल्याइतक्या तरबेज कोण आहेत?

त्याच्याही आधी, १९३७ मध्ये, मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुयलीच्या बियांतून एल-डोपा वेगळं काढलं. बदलापूरच्या पलीकडच्या डोंगरात पावसाळ्यात जिची शेंग लागली की अंग खाजून हैराण होतं, तीच ही खाजकुयली. एल-डोपा म्हणजे लेव्होडोपा, आजही या आजारावरचं मुख्य औषध. ते माणसाला उपयोगी पडतं हे कळायला साठचं दशक उजाडलं आणि ते काम युरोप-अमेरिकेत झालं. नव्वदच्या दशकात खाजकुयलीच्या भुकटीची रुग्णांवर रीतसर चाचणी भारतात झाली, १९९५ मध्ये तिचा निबंध आला. पुढे ते काम मोठ्या प्रमाणावर नेण्यासाठी जो पैसा लागतो तो झाडपाल्याला कोण देणार? झाडपाल्याचं पेटंट घेता येत नाही.

अलीकडे भारतात दहा हजार रुग्ण आणि दहा हजार निरोगी माणसं यांची जनुकं तपासण्याचं मोठं काम हाती घेतलं गेलंय, लक्झेंबर्ग आणि जर्मनीच्या संशोधकांबरोबर. त्यालाही फॉक्स फाउंडेशनचा पैसा आहे. याचं स्वागत करायला हवं. मात्र अशा कामात रक्त द्यायला मोठ्या शहरांतल्या तज्ज्ञांकडे पोहोचलेले रुग्णच येतात. पोहोचतो कोण? ज्याला कुणीतरी घेऊन येतं तो. पुरुष रुग्णाबरोबर बायको येते, सून येते. बाई रुग्णाबरोबर कोण येतं हे तुम्ही एखाद्या सकाळी ओपीडीच्या बाकावर बसून बघा. पुष्कळ जणी एकट्या असतात, आणि त्याहून जास्त आलेल्याच नसतात. अशा तऱ्हेने ‘पुरुषांना जास्त’ होणारा आजार संशोधनात आणखी ‘पुरुषांचा’ होत जातो. बाईचं वजन कमी, त्यामुळे लेव्होडोपाची तीच गोळी तिच्या अंगात जास्त चढते आणि अनावर वळवळ होण्याचा त्रास तिला अधिक होतो. हे ठाऊक असूनही मात्रेचे प्रयोग बहुतेक पुरुषांवर बेतलेले.

संशोधनाविषयी आपल्या चळवळीला जुनी आठवण आहे, ती मी विसरत नाही. नेट-एन या इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध १९८६ मध्ये ‘स्त्री शक्ती संघटना’, ‘सहेली’ आणि इतर सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, कारण बायकांना आपल्यावर प्रयोग चाललाय हेच सांगितलं नव्हतं. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्हीची लस दिली, तेव्हा वसतिगृहाच्या वॉर्डननी मुलींच्या वतीने सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्यामुळे ‘संशोधन’ म्हटलं की आपण आधी संमतीपत्र मागतो, आणि मागितलंच पाहिजे. २०१९ च्या नियमांनी माहिती देऊन घेतलेली संमती आणि इजा झाल्यास भरपाई या गोष्टी बंधनकारक केल्या आहेत. पण माझं म्हणणं असं की फक्त फाटकावर उभं राहून अडवण्यात आपण समाधान मानू नये. आत काय शोधताय, असं विचारायचीही वेळ आली आहे.

ते विचारण्याचं एक कारण आपल्या नाकाखालीच वाहतंय. वालधुनी. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीला तिच्यात टँकरने रसायन ओतलं आणि उल्हासनगरात शेकडो माणसांना श्वासाचा, उलट्यांचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावं लागलं. ती रात्र इथे बसलेल्या काहींनी काढली आहे. मी असं म्हणत नाही की नदीमुळे कंपवात होतो. अर्धवट माहितीवर घबराट पसरवणं हे आपलं काम नाही. पण ट्रायक्लोरोएथिलिन नावाचं द्रावण, जे धातूच्या सुट्या भागांवरचं ग्रीस काढायला वापरतात, त्याबद्दल २०२३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास आला. कॅम्प लजून या लष्करी तळावरच्या पिण्याच्या पाण्यात ते मिसळलं होतं, आणि तिथे राहिलेल्या सैनिकांत पार्किन्सनचा धोका दुसऱ्या तळाच्या तुलनेत ७० टक्क्यांनी जास्त निघाला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने त्या द्रावणावर बंदीचा नियम काढला. वेल्डिंगच्या धुरातलं मँगेनीज जास्त प्रमाणात अंगात गेलं तर कंपवातासारखा आजार होतो, हे त्याच्याही कितीतरी आधीपासून माहीत आहे. आता सांगा, मोरिवली आणि आनंदनगरच्या एमआयडीसीत सुटे भाग धुण्याचं काम कोण करतं? कंत्राटावरच्या बायका आणि पोरं. हातमोजे कुणाला मिळतात? पारशी वसाहतीत झाली तशी घरोघर पाहणी या तीन शहरांत व्हावी, आणि तिच्यात ‘तुम्ही कोणत्या कारखान्यात, कोणत्या खात्यात, किती वर्षं काम केलं’ हा प्रश्न असावा, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे.

औषधांकडे येते, कारण इथे आपल्या समुपदेशन केंद्राचा थेट संबंध आहे. मागे एक बाई तक्रार घेऊन आली. तीस वर्षं संसार झालेला. नवरा निर्व्यसनी, शांत. एकाएकी ऑनलाइन जुगार खेळू लागला, घरातलं सोनं गेलं, आणि रात्री तिला सोडीना. तिला बोलताना शरम वाटत होती. या वयात हे कुणाला सांगू, म्हणत होती. आम्ही नेहमीचे प्रश्न विचारले. दारू? नाही. बाहेर कुणी? नाही. आमच्यातल्या एकीने सहज विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? पार्किन्सनची होती. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गटातल्या औषधांनी काही रुग्णांचा स्वतःवरचा ताबा सुटतो. जुगार, खरेदी, खाणं, लैंगिक मागणी यांना धरबंध राहत नाही. हा दुष्परिणाम सिद्ध झालेला आहे. औषध लिहून देताना त्या दोघांना कुणी चकार शब्द सांगितला नव्हता. डॉक्टरांनी औषध बदललं, हळूहळू तो माणूस पूर्ववत झाला. सोनं काही परत आलं नाही.

याचा अर्थ त्या बाईने सहन करायला हवं होतं असा अजिबात नाही. आजारी माणसाच्या बायकोचा ‘नाही’ हासुद्धा ‘नाही’च असतो. पण संशोधनात ‘उपचार यशस्वी’ कशाला म्हणायचं? रुग्णाचा हात किती थरथरला हे मोजायला तक्ते आहेत. शेजारी झोपणाऱ्या बाईचं काय झालं याचा रकाना त्यात कुठे बसवायचा, हे पैसा देणाऱ्याने विचारलं तरच बसेल.

आणि जिथे बाईच रुग्ण असते तिथे? लेव्होडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी, ठरल्या वेळेला घ्यावी लागते. डाळ-अंड्यातल्या प्रथिनाबरोबर ती नीट शोषली जात नाही. सगळ्यांना वाढून शेवटी जेवणाऱ्या बाईने ही वेळ कशी पाळायची? अंबरनाथच्या एका काकूंना मी विचारलं, गोळी कधी घेता? म्हणाल्या, ‘ह्यांचं झालं, पोरांचं झालं की.’ गोळी चुकते, पाय जमिनीला चिकटतात, मोरीत पडणं होतं. मग म्हणतात, औषध लागू पडत नाही. हे औषध आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. तरी महानगरपालिकेच्या दवाखान्यात ते मागून बघा आणि काय उत्तर मिळतं ते वहीत लिहून ठेवा.

आता ज्यात घरं बुडताहेत ते. ‘स्टेम सेल’. २०२५ मध्ये ‘नेचर’ मासिकात दोन चाचण्या आल्या, एक अमेरिका-कॅनडातली, बारा रुग्णांची. दुसरी जपानच्या क्योटोतली, सात जणांची. मेंदूत नव्या पेशी बसवण्याच्या. आशा वाटावी असं आहे, पण अगदी सुरुवातीचं. इकडे मात्र ‘पेशी टोचून कंपवात बरा’ अशी जाहिरात करणारी दुकानं लाखोंची बिलं करतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार रक्ताच्या काही आजारांखेरीज स्टेम सेलचा वापर मंजूर चाचणीबाहेर करता येत नाही, आणि मंजूर चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. कुणी पैसे मागितले की समजा, ते संशोधन नव्हे. मंगळसूत्र गहाण टाकायला निघालेल्या एका मुलीला हे एकच वाक्य सांगून आम्ही परत फिरवलं.

मग पैसा मागायचा कुणाकडे? पहिलं, सरकारकडे. आपला देश सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के एवढाच सगळ्या संशोधनावर मिळून खर्च करतो. त्यातला मेंदूच्या आजारांचा वाटा, त्यातही म्हाताऱ्या गरीब बायकांचा, तुम्हीच कल्पना करा. दुसरं, कारखान्यांकडे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक नफ्यावरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी द्यावे लागतात. २०१९ पासून तो पैसा सरकारी विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांनाही देता येतो. आपल्या पट्ट्यात कारखाना असलेल्या मोठ्या कंपन्यांचे अहवाल जाहीर असतात. त्यात बाकडी, वह्या, वृक्षारोपणाचे फोटो भरपूर दिसतील. त्यांनी इथल्या कामगारांच्या आरोग्याच्या पाहणीला पैसा द्यावा. पण पाहणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने करावी, कंपनीने नव्हे, आणि निकाल मराठीत, हिंदीत आणि सिंधीत वस्तीत वाचून दाखवावेत. पैसा देणाऱ्याला निकाल दाबता येणार नाही, हे आधी कागदावर घ्यायचं. सोपं नाही, वर्षं लागतील. तोवर चालू असलेल्या कामाशी जोडून घेऊ. मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णांचे आणि घरच्यांचे गट मोफत चालवते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. असा एखादा गट उल्हासनगरात चालवता येईल का, याची बोलणी करायला हवीत.

आणखी एक, ते उद्यापासूनच करता येईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पार्किन्सन हा २१ प्रकारांत घेतला आहे. प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, आणि ठरलेली टक्केवारी असेल तर योजना लागू होतात. आमच्या अनुभवात हे कार्ड काढलेल्यांत पुरुष भरपूर, बाया दोन-चार. ‘तिला कुठे जायचंय?’ असं घरचे म्हणतात.

वस्तीच्या पाहणीच्या वहीत या महिन्यापासून आपण चार रकाने वाढवले आहेत: घरात कुणाची हालचाल मंदावली आहे का, कोणती औषधं किती दिवस चालू आहेत, पूर्वी कुठे काम केलं, आणि त्यांचं सगळं कोण करतं. नावं वहीबाहेर जाणार नाहीत, आणि विचारलेल्या बाईची हरकत असेल तर रकाना कोरा सोडायचा. बदलापूर पश्चिमेच्या दोन चाळींपासून सुरुवात आहे. तिथे संध्याकाळी सहानंतर जा. त्याआधी बाया कामावरून आलेल्या नसतात, आणि आठनंतर स्वयंपाक असतो.